पिशवी जागेवर आहे

माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट आधी दुसऱ्या कुणाचा तरी पेशंट असतो. त्याचा स्वतःचा एक डॉक्टर असतो, त्याच्यावर थोडाफार विश्वासही असतो, आणि तोच डॉक्टर एक दिवस चिठ्ठी हातात देऊन म्हणतो, "सांगलीला जा, विश्रामबागेत. तिथं ते बघतील." त्यामुळे माझ्या दारात पाऊल पडायच्या आधीच मनात पाल चुकचुकलेली असते. या दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार. त्यात मी सोनोग्राफी करणारा. आमच्या खोलीत येणाऱ्याला आमचा संशय आणि बाहेर सरकारलाही आमचाच संशय. त्याची आता सवय झाली आहे.

मी रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे शरीराच्या आतली चित्रं वाचणारा. पण माझं निम्मं आयुष्य त्यातल्याच एका वेगळ्या कामात गेलं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून शेवईएवढी बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती हव्या त्या फांदीपर्यंत न्यायची आणि जिथून रक्त वाहून जातंय ती फांदी आतूनच बुजवायची. पोट उघडायचं नाही, टाके घालायचे नाहीत. हे ऐकून लोकांना बरं वाटेल अशी सुरुवातीला माझी समजूत होती. तसं होत नाही. "पोट न उघडता?" एवढंच म्हणून ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना वर्षात पैसे दुप्पट करून देतो म्हणालोय.

एका गुऱ्हाळवाल्याला खोकल्यातून रक्त पडायचं. ते मी असंच बंद केलं. महिन्याभराने तो तपासायला आला, खुर्चीत नीट बसला आणि म्हणाला, "रगत थांबलं ते खरं हाय. पण तुमीच थांबवलं ह्याला पुरावा काय? जांघंत वळ सुदीक न्हाई." माझ्याकडे पुरावा नव्हता. होती ती चित्रं, आणि चित्रांवर त्याचा विश्वास नव्हता.

खरं सांगायचं तर माझाही नसतो. पडद्यावर दिसतं ते खरंच तसं आहे का, की मला तसं वाटतंय, हे पुन्हा पुन्हा तपासणं हाच या कामाचा पाया. त्यामुळे संशयी माणसांचा मला राग येऊ नये. तरी येतो. एका पेशंटच्या आईचा, शालनताईंचा, तर मला आठवडाभर रोज येत होता.

चारेक वर्षं झाली असतील. दुपारची वेळ होती. डॉ. सुनंदांचा फोन आला. त्या आमच्याच हॉस्पिटलमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. सांगलीत आम्ही दोघांनी बरोबरच काम सुरू केलं. एकमेकांवर विश्वास असला तरी तो तपासून घ्यायची दोघांनाही खोड.

"एक मुलगी पाठवतेय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, मग पिशवी साफ केली. तेव्हापासून अंगावरून जातंय, मधेच थांबतं आणि मधेच नळ सोडल्यासारखं जातं. आत काही राहिलंय म्हणून परत साफ करायला घेणार होते, पण हात धजेना. जरा रंग टाकून बघ."

रंग टाकून म्हणजे कलर डॉपलर. साध्या सोनोग्राफीत आकार दिसतो, यात वाहतं रक्त दिसतं.

मुलीचं नाव उज्ज्वला. वय चोवीस-पंचवीस. ओठ पांढरे पडलेले, नखं पांढरी. नवरा फौजेत, दूर उत्तरेला. सासर इस्लामपूरजवळ, उसाचं. बरोबर सासरे होते, निवृत्त सुभेदार, ताठ पाठीचे. आणि तिची आई शालनताई, दुष्काळी वडूजकडच्या. बारीक अंगाच्या, पदर घट्ट खोचलेला. त्यांनी खोलीत आल्याबरोबर पहिलं काय केलं असेल, तर पडद्यामागे डोकावून तिथे कोणी नाही ना हे बघितलं.

मी प्रोब पोटावर ठेवला आणि रंगाचं बटण दाबलं. अशा वेळी पिशवीच्या भिंतीत लाल-निळे चार ठिपके दिसावेत. इथे रंगपंचमी होती. लाल, निळा, पिवळा, सगळे एकमेकांत घुसलेले, आणि आवाज लावला तर मोहोळ घोंगावल्यासारखा.

हे काय असतं ते साध्या शब्दांत सांगतो. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांत दाब मोठा असतो. त्या फुटत फुटत केसाहून बारीक होतात, तिथे तो दाब मरतो आणि मग रक्त निवांतपणे परतीच्या वाहिन्यांत जातं. कधीकधी पिशवी साफ केल्यावर आतली जखम चुकीची भरते. मधलं बारीक जाळं राहत नाही आणि येणाऱ्या वाहिन्या थेट जाणाऱ्यांना जोडल्या जातात. त्यांचा गुंता होतो. भिंती पातळ आणि दाब पुरा. अशा जागी पिशवी साफ करायचं हत्यार लागलं तर रक्त आवरत नाही. मग जीव वाचवायला पिशवी काढावी लागते. सुनंदांचा हात धजला नाही, हे त्या मुलीचं नशीब.

पण वारेचा तुकडा आत राहिला असला तरी चित्र बरंचसं असंच दिसतं. म्हणून मी गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी करून घेतली. ते रक्तात नव्हतं, म्हणजे तुकडा राहिल्याची शक्यता कमी. मग विचारलं, "पिशवी किती वेळा साफ केली?"

"एकदाच," सुभेदार म्हणाले.

"एकदाच," उज्ज्वला म्हणाली, पण म्हणण्याआधी तिने आईकडे बघितलं.

मला ते खटकलं. या खोलीत बसून बसून एक कळतं: ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आधी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, ते उत्तर पुरतं नसतं. मी म्हणालो, "सगळे जरा बाहेर थांबा, मला पेशंटशी बोलायचंय." सुभेदार उठले. शालनताई जागच्या हलल्या नाहीत.

"काय इचारायचं ते माज्या म्होरं इचारा."

मी विचारलं नाही. मनात मात्र नोंद केली, की ही बाई काहीतरी दडवते आहे. तिनेही माझ्याबद्दल नेमकी तीच नोंद केली असणार.

सुनंदांच्या खोलीत आम्ही बसलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "रक्त कमी होत चाललंय. पुन्हा तसंच सुटलं तर मी पिशवी काढणार, तुझी वाट बघणार नाही. तुझ्या नळ्यांना माझा विरोध नाही. पण पिशवीतल्या अशा गुंत्याच्या किती केसेस केल्यास तू?"

"थोड्या," मी म्हणालो. "बढाई मारावी इतक्या नाहीत."

"हे त्यांना सांगशील?"

सांगितलं. आधी सुभेदारांना आणि शालनताईंना, मग उज्ज्वलाला. पिशवीला दोन्ही बाजूंनी मोठी वाहिनी येते. त्या दोन्हींत शिरून मी गुंत्यापर्यंत जाईन आणि गोंदासारखं घट्ट होणारं औषध सोडून तो बुजवीन. पिशवीला आजूबाजूच्या लहान वाहिन्यांकडून रक्त मिळत राहील, त्यामुळे ती जगेल. जमलं नाही तर शेजारी ऑपरेशनची तयारी असेल. मूल होईलच असं मी म्हणत नाही. पिशवी राहावी यासाठी प्रयत्न आहे, एवढंच म्हणतो.

सुभेदार लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे दारं धरायचं काम. पाट फुटून उसाचं पाणी वगळीला, ओढ्याकडं चाललंय, तर वरनं दारं मोडून पाणी वळवायचं, रान भिजलं पाहिजे आणि वगळ बंद झाली पाहिजे. बरोबर ना, साहेब?"

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. मी मान डोलवली आणि शालनताईंकडे बघितलं.

"मला पाण्याचं सांगू नगा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पाणीच न्हाई." मग खाली बघून, पण स्पष्ट आवाजात विचारलं, "तिला गुंगी देनार?"

"नाही. जांघेपुरतं बधिर करायचं. ती जागी असेल, बोलेल."

"आनि आत गेल्यावर तुमाला वाटलं, पिशवी काडूया, तर?"

"मी सर्जन नाही. माझ्या खोलीत पिशवी काढायचं हत्यारच नसतं."

त्यांनी ते पटवून घेतलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने मला दिसलं, त्या कॉरिडॉरमध्ये लादी पुसणाऱ्या बाईला विचारत होत्या, त्या खोलीत सुऱ्या-कात्र्या असतात का. संध्याकाळपर्यंत त्यांनी हाच प्रश्न सिस्टरला विचारला, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला विचारला, आणि मी जेवायला गेलो असताना माझ्या टेक्निशियनलाही विचारला. चौकशीला बसल्यासारख्या त्या माझ्या शब्दांची पडताळणी करत होत्या. मी चिडलो होतो. वर्षानुवर्षं काम करूनही आपला शब्द लादी पुसणारीकडून तपासून घेतला जातोय, हे मानी माणसाला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाला टेबलावर घेतलं. शालनताई दाराबाहेर, दाराला पाठ लावून बसल्या. तिथे बसायची परवानगी नसते. कुणी त्यांना उठवलं नाही.

नळी आत गेली, वळणावळणाने डाव्या बाजूच्या वाहिनीत पोचली. मी रंगद्रव्य सोडलं आणि पडद्यावर गुंता उमटला. एरवी धमनी दिसल्यावर शिरा दिसायला जरा वेळ जातो. इथे धमनी आणि शीर जवळजवळ बरोबरच भरल्या. हीच त्या रोगाची खूण.

उज्ज्वला मान वळवून पडद्याकडे बघत होती. "हे माजंच हाय का?" तिने विचारलं.

"तुझंच."

"कशावरनं?"

ती तिच्या आईचीच मुलगी. मी म्हणालो, "श्वास घे मोठा." तिने घेतला. चित्र वर-खाली हललं. तिने पुन्हा श्वास घेतला, मुद्दाम अर्धवट सोडला, पुन्हा थांबवला. चित्र तिच्याबरोबर हललं आणि तिच्याबरोबर थांबलं. मग ती म्हणाली, "करा."

डावी बाजू बुजवली, उजवी बुजवली. गुंता जवळजवळ सगळा पुसला गेला. पण शेवटचं चित्र घेतलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक बारीक धागा अजून भरत होता. तो बीजकोषाकडून येत होता. हात शिवशिवला, कारण चित्र स्वच्छ करून बाहेर पडावं असं कोणालाही वाटतं. पण त्या वाटेने औषध सोडलं आणि ते थोडं जरी पुढे सरकलं तर बीजकोषाचं रक्त तुटणार. पिशवी राखायची आणि बीजकोष घालवायचा, मग पिशवीचा उपयोग काय? मी तो धागा तसाच ठेवला आणि नळी बाहेर काढली.

दार उघडल्यावर शालनताई उठून उभ्या राहिल्या. "पिशवी?"

"आहे. जागेवर आहे."

त्यांनी मान हलवली आणि लगेच खात्री करायला सुनंदांच्या खोलीकडे निघून गेल्या.

तीन दिवस उज्ज्वलाला काही त्रास नव्हता. पोटात कळा येत होत्या, पण त्या येतातच. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगावरून गेलं. पहिल्यासारखं नाही, पण ताजं, लाल. सुनंदांनी ऑपरेशन थिएटर मोकळं ठेवायला सांगितलं आणि मला बोलावलं. मी वॉर्डात शिरलो तेव्हा शालनताई दारातच उभ्या होत्या.

"तुमी आत कायतरी ठेवलंय," त्या म्हणाल्या.

मला अनेक गोष्टी बोलता आल्या असत्या. असं थोडंफार होतं, काळजी करू नका, बघू. मी म्हणालो, "हो, ठेवलंय." आणि तो धागा, तो कुठून येतो, का बुजवला नाही, हे सगळं सांगितलं. "तो बारीक आहे. मुख्य पाणी तुटल्यावर आपोआप सुकेल असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाज आहे, खात्री नाही."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"सुनंदाबाईंना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्या बाकावर बसल्या. मी निघणार एवढ्यात म्हणाल्या, "दोनदा साफ केली तिची. एकदा सासरला. म्हायेरी आली, परत अंगावर जायला लागलं, म्हनून मीच नेली दुसऱ्याकडं. सुभेदारांस्नी म्हाईत न्हाई." आणि मग, तशाच आवाजात, "माजी पिशवी काडली तवा ही चार वर्साची हुती. पोटात दुखतंय म्हनून गेलते मी. गुंगी दिली. शुद्धीवर आले तर म्हनले, बाई, आता काय तरास व्हनार न्हाई तुमाला. काय केलं ते कुनी बोललंच न्हाई. म्हैनं झालं, पाळी आली न्हाई, तवा मला कळलं."

वॉर्डात नेहमीचा गडबडगोंधळ चालू होता. मला एवढंच विचारायचं सुचलं, "कुणाला विचारलं नाहीत?"

"कुनाला इचारायचं?"

आठवडाभर ही बाई सगळ्यांना का विचारत फिरत होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. दुसऱ्यांदा पिशवी साफ केली त्यानेच हे झालं का, असंही त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. पहिल्याने झालं असेल, दुसऱ्याने झालं असेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

निर्णय घ्यायचा होता. सुनंदांनी उज्ज्वलाच्या उशाशी बसून दोन्ही बाजू मांडल्या. वाट बघत थांबलं तर रक्त पुन्हा सुटण्याचा धोका आहे. काढली तर धोका संपला, पण मूलही संपलं. सुभेदारांनी मुलाला फोन लावला. तिकडून तो म्हणाला, "आबा, मला काय विचारता, तिला विचारा. ती राहिली पाहिजे, बाकी ती म्हणेल ते." सुभेदारांनी फोन तिच्या कानाशी धरला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

उज्ज्वलाने फोन ठेवला आणि आईकडे न बघता म्हणाली, "थांबूया."

थांबलो. रक्ताच्या बाटल्या तयार, थिएटर तयार, सुनंदा आपल्या खोलीत, मी माझ्या. दोघांनाही एकमेकांच्या निर्णयाची शंका आणि स्वतःच्या निर्णयाची जास्त. दुपारनंतर रक्त कमी झालं. दुसऱ्या दिवशी नुसता डाग राहिला. मग तोही नाही. दोन-तीन महिन्यांनी रंग टाकून बघितलं, तर पिशवीच्या भिंतीत चार शांत ठिपके. मी पुन्हा पुन्हा बटण दाबून बघितलं. मशीन बिघडलं असावं असं वाटण्याइतकं ते चित्र चांगलं होतं.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच वर्षी एक मुलगी मला भेटायला आली, तिची पिशवी दुसरीकडे अशाच रक्तस्रावात काढली होती. कागद बघितले, तर त्या रात्री तिच्यासाठी दुसरा मार्ग नव्हता आणि त्या डॉक्टरने तिचा जीव वाचवला होता. तिला एवढंच हवं होतं, की आधी कुणी रंग टाकून बघितलं असतं तर पिशवी वाचली असती का, हे सांगावं. मी म्हणालो, कदाचित. हा शब्द मी माझ्या कामात हजारदा वापरला असेल. तिच्यासमोर तो वापरल्याचं अजून बोचतं.

उज्ज्वलाला दीडएक वर्षाने दिवस गेले. वार पिशवीला नको तितकी चिकटेल ही भीती सुनंदांना शेवटपर्यंत होती. तशी चिकटली नाही. सिझर झालं, मुलगी झाली. सुभेदारांनी हॉस्पिटलभर पेढे वाटले. शालनताईंनी पेढा हातात धरून आधी सुनंदांना विचारलं, पिशवी परत शिवली ना, आणि मगच तो तोंडात टाकला.

गेल्या उन्हाळ्यात त्या एकट्याच विश्रामबागेत माझ्याकडे आल्या. लेकीचं काही नव्हतं. नात घरभर धावते म्हणाल्या. मग पिशवी मांडीवर ठेवून बसून राहिल्या. कापडी पिशवी, बाजाराची.

"माजं बी बगा," त्या म्हणाल्या.

"कुठं दुखतंय?"

"दुकत न्हाई कुटं. काय काडलं आनि काय ठेवलं, त्येवडं बगून सांगा."

मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. एरवी तो माझ्याकडे असतो. जिथे गर्भाशय असायला हवं होतं तिथे मागचं आतडं दिसत होतं. मी बोट ठेवून सांगत गेलो. ही लघवीची पिशवी. ही जागा गर्भपिशवीची, ती नाही. हा डावा बीजकोष, लहान झालाय, वयाने होतो, पण आहे. उजवा मला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे काढलाच असं नाही, आतड्याआड असू शकतं.

त्या प्रत्येक शब्दाला पडद्याकडे बघून मग माझ्याकडे बघत होत्या. डावा बीजकोष पुन्हा दाखवायला सांगितला. मी दाखवला. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि चित्र हललं.

"का काडली, ते दिसतं का ह्यात?"

"नाही, ताई. ते यात दिसत नाही."

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या, आणि पोटावरची जेली स्वतःच पुसून उठून बसल्या.